एलएल.एम.चा प्रबंध: विषयाच्या चिठ्ठीपासून मौखिक परीक्षेपर्यंत

‘भारतातील ग्रामीण जनतेस न्यायाची उपलब्धता: एक चिकित्सक अभ्यास.’ असा विषय चिठ्ठीवर लिहून विद्यार्थी माझ्याकडे आला की मी आधी त्याला बसायला सांगतो आणि एकच विचारतो: हा प्रबंध लिहून संपेल त्या दिवशी, आज कोणालाच माहीत नसलेली कोणती गोष्ट तुला माहीत झालेली असेल? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. त्यात विद्यार्थ्याचा दोष नसतो. पाच वर्षं किंवा तीन वर्षं एलएल.बी. करताना त्याला उत्तरं लिहायला शिकवलेलं असतं, प्रश्न विचारायला कोणी शिकवलेलं नसतं.

एकवर्षीय एलएल.एम.ला असाल तर प्रबंधासाठी हातात जेमतेम पाच-सहा महिने मिळतात, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात थोडे जास्त. त्या वेळात काय, कोणत्या क्रमाने करायचं ते पुढे सांगतो. सगळं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवतो: शेतरस्त्याचं.

पहिली पायरी: विषय बाजूला ठेवा, प्रश्न शोधा

वरची चिठ्ठी घेऊन आलेली विद्यार्थिनी शेतकरी घरातली होती. गप्पांच्या ओघात कळलं की तिच्या वडिलांची शेतरस्त्याची केस तहसील कार्यालयात चालू आहे. शेजाऱ्याने बांधावर काटेरी फांद्या टाकल्या, बैलगाडी अडली, ऊस तोडून बाहेर काढता येईना. तिला हे सगळं तोंडपाठ होतं, पण ‘यात संशोधन काय करायचं?’ असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, वडिलांनी अर्ज कोणत्या कलमाखाली केलाय? ती गप्प. दुसऱ्या दिवशी घरी फोन करून आली. अर्जावर दोन कायदे लिहिले होते.

प्रश्न तिथेच होता. असलेला, वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवा रस्ता मागायचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ लागतं. अधिकारी तोच, टेबल तेच, कित्येकदा कारकूनही तोच. पण निकालानंतरची वाट वेगळी. कलम १४३ च्या निर्णयाविरुद्ध एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. १९०६ च्या कायद्यात अपील नाही, कलम २३ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण (वरिष्ठाने केलेली निर्णयाची तपासणी) आहे. मग ज्याच्या अर्जावर दोन्ही कायदे लिहिलेत आणि ज्याच्या निकालात कलमाचा उल्लेखच नीट नाही, त्याने दाद कुठे मागायची?

तिचा प्रश्न असा ठरला: ‘एका तालुक्यात तीन वर्षांत आलेले शेतरस्त्याचे अर्ज कोणत्या कायद्याखाली आले, निकाल कोणत्या कायद्याखाली दिले गेले, आणि या दोहोंत फरक पडला तिथे पक्षकाराच्या पुढच्या दादेचं काय झालं?’ आधीच्या विषयाच्या मानाने हा चिमुकला आहे. पण याला उत्तर आहे, ते कागदात सापडतं, आणि ते आपल्या अंदाजापेक्षा वेगळं निघू शकतं. चांगल्या प्रश्नाची मी हीच पारख मानतो. ज्याचं उत्तर काम सुरू करण्याआधीच पक्कं आहे (‘अंमलबजावणीत त्रुटी आहेत, जनजागृती हवी’), त्यावर सहा महिने घालवू नका.

स्वतःच्या घरची केस मात्र नमुन्यातून वगळा, आणि ती वगळली हे प्रस्तावनेत लिहा. परीक्षकाला ते दुसरीकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

दुसरी पायरी: कायदा मुळातून वाचा

गाईडबुकात नव्हे, बेअर अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ पाठात. आणि फक्त आपलं कलम नाही, पहिल्या पानापासून. संक्षिप्त नाव, विस्तार, व्याख्या ही कलमं विद्यार्थी ओलांडून जातात आणि नेमके तिथेच फसतात. महाराष्ट्रात तर ‘हा कायदा इथे कधीपासून लागू?’ हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडातून आला, मराठवाडा हैदराबाद संस्थानातून, आणि १९०६ चा कायदा झाला तो मुंबई इलाख्याचा. प्रत्येक दुरुस्तीचं वर्ष एका कागदावर उतरवून काढा. गोव्याच्या विद्यार्थ्यांनी तर वेगळंच पुस्तक उघडायचं आहे. तिथे १९६६ चा स्वतंत्र मामलेदार न्यायालय अधिनियम आहे.

भाषेबद्दल एक गोष्ट. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय आणि कायद्यांचा अधिकृत पाठ यांची भाषा इंग्रजी आहे. म्हणून कलम उद्धृत करताना इंग्रजी पाठ समोर हवाच. पण तहसीलचे अर्ज, पंचनामे, निकाल मराठीत असतात. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचा आणि पारिभाषिक शब्दासाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा. ‘पुनरीक्षण’ (रिव्हिजन), ‘पुनर्विलोकन’ (रिव्ह्यू) आणि ‘अपील’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले प्रबंध मी पाहिले आहेत. तीन वेगळे अधिकार आहेत हे, आणि आपल्या उदाहरणात तर सगळा प्रश्नच त्यांच्यावर उभा आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इथे मुद्दाम सांगतो. सेमिनारला इंग्रजी बोलताना अडखळता म्हणून तुम्ही मागच्या बाकावर बसता. पण सातबारा, फेरफार, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद), स्थळपाहणीचा पंचनामा हे तुम्ही सरळ वाचू शकता, आणि देशातल्या नामवंत विधी विद्यापीठांतल्या कित्येक संशोधकांना ते वाचता येत नाही. आपल्या तालुक्यातल्या न्यायाबद्दल तुम्ही जे लिहू शकता ते ते लिहू शकणार नाहीत. हे भांडवल वापरा.

तिसरी पायरी: निकाल शोधणं आणि निकाल वाचणं

शोधणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत रिपोर्ट जानेवारी २०२३ पासून ई-एससीआरवर फुकट मिळतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकाल आहेत, इंडियन कानून हे संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे, आणि एससीसी ऑनलाइन किंवा मनुपत्र हे वर्गणीचे निकालसंग्रह, त्यांतलं एखादं तुमच्या ग्रंथालयाने घेतलेलं असतं. ग्रंथपालांकडून पहिल्याच आठवड्यात लॉगिन घ्या, परीक्षेच्या तोंडावर सगळे एकदम मागतात. २०२३ पासून निकालांना तटस्थ सायटेशनही (न्यायालयानेच दिलेला ओळखक्रमांक) आलं आहे, त्यामुळे कोणत्याही खासगी रिपोर्टरशिवाय निकाल ओळखता येतो.

आता वाचणं. निकालाच्या सुरुवातीला हेडनोट, म्हणजे थोडक्यात सारांश, असते. ती संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नव्हे. रिपोर्टर बदलला की हेडनोट बदलते. प्रबंधात हेडनोटचं वाक्य ‘न्यायालयाने म्हटले आहे’ म्हणून आलं की अनुभवी परीक्षक ते लगेच ओळखतो.

मी विद्यार्थ्यांना निकाल उलटा वाचायला सांगतो. आधी शेवटचं पान: कोण जिंकलं, आदेश काय. मग सुरुवात: घटना काय, खालच्या न्यायालयांनी काय केलं. मग न्यायालयाने स्वतःपुढे कोणता प्रश्न ठेवला ते. आणि मग मधला युक्तिवाद, पेन्सिल हातात घेऊन. प्रत्येक परिच्छेदापाशी थांबून विचारा: हे वाक्य काढून टाकलं तर आदेश तोच राहील का? तोच राहत असेल तर ते बहुधा ऑबिटर आहे, म्हणजे जाता जाता केलेलं भाष्य. आदेश कोसळत असेल तर तो रेशो, म्हणजे निर्णयाचा खरा आधार. सुरुवातीला एका निकालाला अख्खा दिवस जाईल. जाऊ द्या.

पीठ किती न्यायमूर्तींचं होतं आणि बहुमत किती, हे त्या निकालाच्या टिपणात सर्वांत वर लिहा. संविधानाच्या मूलभूत चौकटीबद्दलच्या केशवानंद भारती खटल्याचा २४ एप्रिल १९७३ चा निकाल १३ न्यायमूर्तींच्या पीठाचा, सात विरुद्ध सहा असा. तो उद्धृत करताना तुम्ही कोणाचं मत उद्धृत करताय, बहुमताचं की अल्पमताचं, हे सांगितलंच पाहिजे. आणि निकालाचं पुढे काय झालं ते तपासल्याशिवाय तो वापरू नका. आणीबाणीत स्थानबद्धतेला न्यायालयात आव्हान देता येत नाही असं सांगणारा जबलपूरचा १९७६ चा निकाल कागदावर चाळीस वर्षं उभा होता. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाच्या हक्काच्या निकालात तो रद्दबातल ठरवला. मधल्या काळातलं एखादं पुस्तक उघडून त्यातलं वाक्य उचललंत तर फसलात.

एक निकाल नीट वाचण्यातून काय घडू शकतं, याचं माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात पुन्हा सोडलं. अंगावर खुणा नाहीत, आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांच्या हाती नवा पुरावा नव्हता, आकडेवारी नव्हती. निकालच होता. तो ओळ न् ओळ वाचून त्यांनी दाखवून दिलं की शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक न्यायालयाच्या नजरेतून निसटला आहे. त्यातून चर्चा, मोर्चे, विधी आयोगाचा अहवाल आणि १९८३ चा फौजदारी कायद्यातला बदल झाला. कोठडीतल्या बलात्काराची स्वतंत्र तरतूद झाली आणि पुरावा कायद्यात कलम ११४ अ आलं. हे पत्र शोधून वाचा. विधी संशोधन म्हणजे काय हे मी सत्रभर बोलून सांगतो त्याहून ते जास्त नेमकं सांगतं.

चौथी पायरी: आधी कोणी काय लिहिलंय

यावर महिना घालवू नका, दोन आठवडे पुरेत. शोधगंगा या खुल्या ऑनलाइन संग्रहात पीएच.डी.चे प्रबंध आहेत, इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचं जर्नल आहे, विधी आयोगाचे अहवाल खुले आहेत. घटनात्मक प्रश्न असेल तर संविधान सभेच्या चर्चा, डिसेंबर १९४६ ते जानेवारी १९५०, बारा खंड. शासन निर्णय मराठीत मिळतात आणि शेतरस्त्यासारख्या विषयात ते फार उपयोगी पडतात, पण शासन निर्णय हा कायदा नव्हे हे डोक्यात पक्कं असू द्या. आढावा लिहिताना ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले’ अशी यादी नको. त्यांनी कुठे हात घातला नाही ते सांगा, म्हणजे तुमच्या प्रश्नाची जागा आपोआप दिसते.

पाचवी पायरी: दप्तरातलं काम

सगळ्याच प्रबंधांना याची गरज नसते. केवळ निकालांवर उभा असलेला प्रबंधही पूर्ण प्रबंध असतो. पण आपल्या उदाहरणात तहसीलच्या फायली पाहिल्याशिवाय उत्तर नाही. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांचे आकडे असतात, महसुली केसेस तिथे सापडत नाहीत. महसूल खात्याच्या ई-क्यूजे कोर्ट प्रणालीवर काही निकाल मिळतील, पण तेवढ्यावर विसंबून चालणार नाही.

आधी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन तहसीलदारांना प्रत्यक्ष भेटा. अभ्यास कशाचा, नावं छापणार नाही, किती दिवस बसणार, हे स्वच्छ सांगा. बरेच अधिकारी मदत करतात. दाद मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहेच: जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला तीस दिवस. म्हणून हा अर्ज पहिल्या महिन्यातच टाका. ‘शेतरस्त्याबाबत सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कलम १४३ व मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाखल प्रकरणांच्या नोंदवहीची छायांकित प्रत आणि प्रकरणांच्या निरीक्षणाची परवानगी’ असं मागा. नोंदवही मिळाली की कोणती फाईल बघायची ते तुम्ही ठरवता, कारकून नव्हे. हा फरक लहान वाटतो, पण समोर येईल ती फाईल बघितली की त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्या मुदतीतल्या सगळ्या फायली घ्या. फार असतील तर नोंदवहीतली दर तिसरी किंवा दर पाचवी घ्या आणि ते प्रबंधात लिहा.

अभिलेख कक्षात जाण्याआधी तक्ता तयार ठेवा. रकाने असे: अर्जाची तारीख, अर्जावर लिहिलेलं कलम, अडवणुकीची तारीख, नोटीस, स्थळपाहणी कोणी केली, निकालाची तारीख, निकालातलं कलम, पुढे कुठे गेले. आधी दहा फायलींवर तक्ता वापरून बघा. तिने पहिल्या दहा फायली पाहिल्या तेव्हा कळलं की ‘निकालातलं कलम’ या रकान्याला तिसरं उत्तरही लागतं: ‘लिहिलेलंच नाही’. घरबसल्या आखलेल्या तक्त्यात हे येत नाही.

आणि रोजनामा वाचा. विद्यार्थी निकालपत्राची झेरॉक्स काढतात आणि फाईल बांधून ठेवतात. लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यातल्या एका फाईलचा रोजनामा तिने मला दाखवला होता. सलग पाच तारखांना एकच ओळ: ‘अर्जदार हजर. सामनेवाला गैरहजर. पीठासीन अधिकारी दौऱ्यावर. पुढील तारीख.’ अक्षर तेच, पेनाची शाई तेवढी बदललेली. सहाव्या तारखेला अर्जदाराच्या नावापुढे ‘गैरहजर’ होतं आणि सातव्या तारखेला अर्ज निकाली. निकालपत्रात एकच वाक्य होतं की अर्जदाराने स्वारस्य दाखवलं नाही. रोजनामा वाचला नसता तर प्रबंधातही तेच वाक्य गेलं असतं.

पक्षकारांशी बोलणार असाल तर त्यांना समजेल अशा मराठीत संमतीपत्र करा, गट नंबर आणि गावाचं नाव काढून टाका. लहान गावात गट नंबर लिहिणं म्हणजे माणसाचं नाव लिहिणंच असतं.

सहावी पायरी: लिहिणं

पहिलं प्रकरण सर्वांत शेवटी लिहा. जे सर्वांत पक्कं माहीत आहे त्यापासून सुरुवात करा. बहुधा ते कायद्याचं प्रकरण असतं. रोज पाचशे शब्द, मग चांगले असोत वा वाईट. ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ नावाचं प्रकरण वैदिक काळापासून सुरू करायची आपल्याकडे खोड आहे. शेतरस्त्याच्या प्रबंधाला १९०६ च्या मागे फार जायचं कारण नाही.

मराठीत लिहायचं असेल तर तुमच्या विद्यापीठाचा नियम आधी लेखी विचारून घ्या. तळटीपांची पद्धत मार्गदर्शक सांगतील ती, ब्लूबुक, ऑस्कोला किंवा इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची, पण एकच धरा. संदर्भ नोंदवून ठेवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या दिवसापासून वापरा.

साहित्यचोरीबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. पण १० टक्क्यांच्या आत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत लिहिला आणि तळटीप दिली नाही, तर तीही चोरीच, यंत्राने पकडली नाही तरी.

एआयने दिलेलं एकही सायटेशन मूळ निकाल उघडल्याशिवाय वापरू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात दोन वकिलांनी अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केले आणि त्यांना, त्यांच्या फर्मसह, पाच हजार डॉलरचा दंड झाला. निकालांची नावं खरी वाटत होती, परिच्छेद खरे वाटत होते. तुमच्या यादीतला प्रत्येक निकाल तुम्ही स्वतः उघडून पाहिलेला असला पाहिजे, मग तो मी सांगितलेला का असेना.

निष्कर्षात शिफारशींची लांबलचक यादी नको. तुमच्या कागदांतून निघते तेवढीच शिफारस करा. तिची शिफारस एका ओळीची होती: निकालपत्राच्या छापील नमुन्यात ‘निर्णय कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली’ आणि ‘पुढील दाद कोठे व किती मुदतीत’ असे दोन रकाने असावेत.

सातवी पायरी: मौखिक परीक्षा

बाहेरचे परीक्षक बहुधा तीन गोष्टी विचारतात: हाच प्रश्न का, हाच नमुना का, आणि आता पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल. तिसऱ्या प्रश्नाला विद्यार्थी घाबरतात, पण तुमच्या कामाची मर्यादा तुम्हाला कळली आहे का, एवढंच त्यांना बघायचं असतं. सरळ सांगा. प्रबंधाची प्रत, दोन्ही बेअर अ‍ॅक्ट आणि सर्वांत महत्त्वाच्या तीन निकालांच्या छापील प्रती, खुणा केलेल्या, टेबलावर ठेवा. एखादं उत्तर आलं नाही तर ‘हे मी तपासलेलं नाही’ म्हणा.

तिच्या मौखिकेत परीक्षकांनी विचारलं, हा प्रबंध वाचणार कोण? तिने पिशवीतून चार पानांचा मराठी गोषवारा काढला. ज्या तहसीलमध्ये ती महिनाभर बसली होती, तिथे तो आदल्या आठवड्यात देऊन आवक क्रमांक घेऊन आली होती.